आवाज काढून टाकलेली वरात

दुःखाचं गाणं शूट करायचं म्हटलं की आमच्याकडं पहिलं नाव पन्हाळ्याचं निघतं. धुकं फुकट मिळतं. तटबंदीवर पोरगं बसवायचं, हातात ओढणी द्यायची, ड्रोन वर न्यायचा, झालं काम. धुकं नसेल तर पाऊस, पाऊस नसेल तर टँकर. मग फुटका आरसा, अर्धी बाटली, कोपऱ्यातून जळत जाणारा फोटो. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या छोट्या स्टुडिओत लग्नाचे व्हिडिओ कापता कापता असली अल्बम गाणी मी पुष्कळ केलीत. त्यांची मला लाजही वाटत नाही, त्यावर घर चालतं. पण हे एक गाणं आलं आणि पन्हाळ्याचा विषय पहिल्याच बैठकीत अडला.

गाणं एका मित्राचं. शब्द, चाल, आवाज सगळं त्याचंच. संथ, पेटी आणि एक गिटार, बाकी काही नाही. थोरल्या भावावर लिहिलेलं, ज्याच्याशी त्याचा अबोला होता आणि जो अबोला मिटायच्या आत आजारपणात गेला. पण गाण्यात ‘भाऊ’ हा शब्दच नाही. फक्त ‘तू’ आहे. त्यामुळं ऐकणाऱ्यानं ती प्रेयसी समजली तरी काही बिघडत नव्हतं, आणि पैसे घालणारे मामा नेमके तेच धरून बसले होते. मामांची मार्केट यार्डात गुळाची अडत. त्यांनी हिशेबाची वही बाजूला सारली आणि स्टोरी सांगितली.

“पोरगी सोडून जातीया, हा रडतोय, वर पाऊस. लोकांस्नी कळाय पायजे दुःख काय हाय ते.”

“मामा, गाणं भावाचं आहे,” मी म्हणालो.

“ठाव हाय मला. पण पोरगीबिगर बघतंय कोण?”

परत येताना गाडीत मित्र म्हणाला, थोरल्याला लहानपणी मामांनीच सांभाळलेलं. शेवटी दवाखान्यातही तेच बसून असायचे. मग मला त्यांच्या पोरगीचा अर्थ लागला. भावाचं दुःख पडद्यावर बघणं त्यांना झेपणार नव्हतं. पोरगी सोडून गेल्याचं दुःख परवडतं, त्याला चार लोक ‘नाद खुळा’ म्हणतात आणि विषय मिटतो. निम्म्याहून जास्त ब्रेकअपची गाणी अशीच तयार होत असावीत, असा मला तेव्हापासून संशय आहे.

मला काय करायचं नाही हे कळलं होतं. काय करायचं ते कळेना. मग रात्री स्टुडिओत बसून जुने व्हिडिओ काढले. हा सगळा प्रकार तसा फार जुना नाही. एमटीव्ही अमेरिकेत सुरू झालं १ ऑगस्ट १९८१ ला, आणि तेव्हापासून तीन-चार मिनिटांत माणसाचं आत काय चाललंय ते दाखवायचा धंदा जोरात सुरू झाला. आपल्याकडं ते काम सिनेमातलं गाणं आधीपासून करत होतंच, पण तिथं आधी तासभर कथा सांगितलेली असते. इथं मागं काहीच नसतं. माणूस कोण, त्याला काय झालंय, सगळं गाण्यातच उरकायचं.

सिनेड ओ’कॉनरचा १९९० चा ‘नथिंग कम्पेअर्स टू यू’ मी आधी कितीतरी वेळा पाहिला होता, पण त्या रात्री कापणाऱ्याच्या नजरेनं पाहिला. गाणं मुळात प्रिन्सनं लिहिलेलं. दिग्दर्शक जॉन मेबरी. बहुतेक सगळा वेळ तिचा चेहरा, काळ्या पार्श्वभूमीवर, आणि ती थेट तुमच्याकडं बघून गाते. आईनं लावलेल्या फुलांची एक ओळ येते आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येतं. ते ठरवलेलं नव्हतं. तिनंच पुढं सांगितलंय की त्या ओळीला तिला तिची आई आठवली, १९८५ मध्ये अपघातात गेलेली. म्हणजे गाणं प्रियकराचं, रडू आईचं. आमच्या मामांच्या बरोबर उलटं. त्या वर्षी एमटीव्हीचा सर्वोत्तम व्हिडिओचा पुरस्कार त्याला मिळाला आणि मग जगभर क्लोजअपमध्ये रडणाऱ्यांची रांग लागली. पण चेहऱ्यावर इतका वेळ थांबायचं तर चेहऱ्यात तेवढं असावं लागतं. आमच्या मित्राचा चेहरा चांगला आहे, पण कॅमेरा समोर आला की तो आधार कार्डाचा फोटो काढायला बसल्यासारखा ताठ होतो.

मग जॉनी कॅशचा ‘हर्ट’. मूळ गाणं नाइन इंच नेल्सचं, व्हिडिओ मार्क रोमानेकनं केलेला. कॅश सत्तरीत, आजारानं खंगलेला, त्याच्याच नावाचं म्युझियम बंद पडून धूळ खात असलेलं, आणि मध्ये मध्ये त्याच्या तरुणपणीचे तुकडे. तो रडत नाही. भरल्या टेबलावर थरथरत्या हातानं वाइन ओततो. शेवटी पियानोचं झाकण लावतो आणि त्यावरून हात फिरवतो. मागं जिन्यावर बायको उभी राहून त्याच्याकडं बघते. व्हिडिओ २००३ च्या सुरुवातीला आला, मे महिन्यात ती गेली आणि सप्टेंबरात तो. हे माहीत असल्यामुळं आपण जास्त हलतो, ते खरं. पण हे काहीच माहीत नसलेल्या माझ्या बायकोनं तो शेजारी बसून पाहिला आणि ती एवढंच म्हणाली, “त्याच्या हाताकडं बघवत नाही.”

आर.ई.एम.च्या ‘एव्हरीबडी हर्ट्स’मध्ये ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाड्यांतल्या लोकांच्या मनातलं खाली अक्षरांत येतं आणि शेवटी सगळे गाड्या सोडून चालायला लागतात. कल्पना भारी आहे. पण मनातलं लिहूनच दाखवायचं तर मग कॅमेरा कशाला, असं मला वाटून गेलं. असो, मोठ्यांचं काम आहे.

त्या रात्री एक गोष्ट पक्की झाली. गाणं आधीच रडतंय. चित्रानंही रडायला लागलं, तर मीठ घातलेल्या आमटीत पुन्हा मीठ टाकल्यासारखं होणार. चित्रानं दुसरं काहीतरी काम धरायला पाहिजे. माणूस कुठल्यातरी उद्योगात असला पाहिजे आणि दुःख त्या उद्योगातच कुठंतरी अडखळलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी खरी कॉर्नरवरून जाताना कॅमेऱ्याचा स्तंभ दिसला. रोजचाच रस्ता, रोज कोण बघतंय. बाबूराव पेंटरांची आठवण म्हणून तो उभा आहे. या माणसानं शंभर वर्षांपूर्वी याच गावात स्वतःच्या हातानं कॅमेरा तयार केला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी चालवली. त्यांचा ‘सावकारी पाश’ १९२५ चा, मूकपट. नारायण हरी आपट्यांची कथा, शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण शांताराम, पुढं प्रभातवाले व्ही. शांताराम झाले ते. त्या चित्रपटाबद्दल चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडियांनी एक आठवण लिहून ठेवलीय. अंधारातली एक उदास झोपडी, लांबून घेतलेली, आणि भुंकणारं, रडणारं कुत्रं. बस. चित्रपट मुका, आवाज नावाची गोष्टच नाही, आणि तरी इतक्या वर्षांनी त्या माणसाला त्या कुत्र्याचं रडणं आठवतंय! जमीन गेलेल्या कुटुंबाचं दुःख त्यांनी कुणाच्या चेहऱ्यावर नाही तर न ऐकू येणाऱ्या आवाजात ठेवलं होतं.

म्युझिक व्हिडिओ हा मूकपटाचाच भाऊ आहे हे मला त्या सिग्नलला उमगलं. आमच्या पडद्यावरची माणसंही मुकी असतात. ती हसोत, भांडोत, ओरडोत, त्यांचं काही ऐकू येत नाही, वरून गाणं चालू असतं. आणि हा प्रकार तर मी पोटासाठी रोज करतो! लग्नाच्या व्हिडिओत वरातीचा मूळ आवाज काढून टाकायचा आणि वर एक गोड गाणं चढवायचं, हेच माझं काम. आवाज काढला की नवरदेवाचे मित्र हवेत हातपाय मारताना दिसतात आणि नजर आपोआप मागं जाते, बँडवाल्यांवर. त्यांच्यातलं कुणीच हसत नसतं. लाल कोट, सोनेरी गोंडे, फुगलेले गाल, आणि डोळे कुठंतरी भलतीकडंच. कैक वर्षं ही तोंडं कापून फ्रेमबाहेर काढायचंच काम मी केलं होतं.

म्हणून गोष्ट अशी ठरली: बँडमध्ये दोघं भाऊ, शेजारी शेजारी ट्रंपेट वाजवणारे. थोरला गेला. सुतक फिटलं, सीझन चालू आहे, इसार घेतलेला आहे. धाकटा पहिल्या ऑर्डरीला उभा राहतो आणि शेजारी थोरल्याच्या जागी एक पोरसवदा मुलगा. वरातीत सगळे नाचतायत. आपल्याला ऐकू येतंय ते फक्त मित्राचं गाणं.

मामांना ही गोष्ट सांगताना मी जरा भीतच होतो. ते बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, “पोरगी कुठाय ह्यात?”

“नवरी आहे की, मागं गाडीत,” मित्रानं सांगितलं.

“बरं,” म्हणाले, आणि होकार देऊन टाकला. मला वाटतं त्यांना समजलं होतं.

नाटकवाला नट घ्यायचा की खरा बँडवाला, यावर आमच्यात दोन मतं होती. राज्य नाट्य स्पर्धेत गाजलेला एक जण तयार होता. पण त्यानं ट्रंपेट हातात घेतली आणि ती फुलांचा गुच्छ धरल्यासारखी धरली. मग खऱ्या मास्तरांकडं गेलो. पन्नाशीचे, ओठांवर माउथपीसचा गोल वण कायमचा उठलेला. पार्टीच्या खोलीत भिंतीला ढोल टांगलेले, एका खिळ्यावर गणवेशाच्या टोप्या. त्यांनी आधी डॉल्बीवर सविस्तर शिव्या घातल्या. डॉल्बी आल्यापासून ऑर्डरी निम्म्यावर आल्या, पोरं शिकायला येत नाहीत, क्लॅरोनेटवाला आता रिक्षा चालवतो. ते सगळं झाल्यावर विचारलं, “मला रडाय लावणार काय?”

“नाही.”

“मग येतो.”

मंगळवार पेठेतल्या एका गल्लीत परवानगी काढून खोटी वरात उभी केली. खोटी म्हणजे नवरा-नवरी खोटे, नाचणारे सगळे खरे. आमच्या गल्लीतल्या पोरांना नाचायला कारण लागत नाही. गाण्याचा ठेका मिनिटाला ७० चा होता. मास्तरांना मोबाइलवर टिकटिक लावून दिली आणि वरातीची चाल १४० वर ठेवायला सांगितली. कॅमेरा सेकंदाला ५० फ्रेमवर. म्हणजे चित्र निम्म्या वेगानं, २५ वर चालवलं की नाचणाऱ्यांचे पाय बरोबर दुःखाच्या गाण्याच्या ठेक्यावर पडतात. शटर सेकंदाच्या शंभराव्या भागावर धरलं, नाहीतर एलईडीचे पट्टे येतात. तरी जनरेटरवरच्या दिव्यांनी दगा द्यायचा तो दिलाच. जनरेटर दमला की दिवे लुकलुकायचे आणि अख्खा टेक वाया.

मित्राचा एकच शॉट होता, गर्दीत उभा राहून गाताना. गायकाचा चेहरा दिसलाच पाहिजे, हा अलिखित कायदा आहे. आता ५० फ्रेमवर शूट करून ओठ जुळवायचे तर सेटवर गाणं दुप्पट वेगानं लावावं लागतं. तसं लावलं, आणि जे गाणं ऐकून मित्राच्या आईनं डोळ्यांना पदर लावला होता ते कार्टूनमधल्या खारीच्या आवाजात गल्लीभर घुमलं. पोरं हसून लोळली. एक म्हातारी खिडकीतून म्हणाली, “कसलं गाणं म्हणायचं हे, बाई!” मित्राला मात्र ते दुप्पट वेगातच म्हणायचं होतं, आणि चेहरा गंभीर ठेवायचा होता. पडद्यावर तेच निम्म्या वेगानं आलं की माणूस पाण्याखाली उभा असल्यासारखा वाटतो. ओठ जुळतात, पण पापण्या जड, मान जड, बाकी सगळं जग सावकाश. रेडिओहेडच्या ‘नो सरप्रायझेस’मध्ये गायकाच्या डोक्यावरच्या काचेच्या गोळ्यात पाणी चढत जातं, तिथंही पाण्याच्या भागात हीच वेगाची युक्ती आहे, गड्याला श्वास कमी वेळ रोखावा लागावा म्हणून. इतकं गुदमरवणारं चित्र, आणि मागं एवढी साधी मिस्त्रीगिरी.

दहा वाजायला आले. दहानंतर उघड्यावर वाद्य वाजवायचं नाही, आणि आमचे बरेच शॉट राहिले होते. मी म्हटलं, आवाज तर नाहीतरी लागत नाही, नुसता धरून अभिनय करा. मास्तरांनी पार्टीला खुणावलं. सगळे बोटं हलवत, डोलत, मुक्यानं वाजवायला लागले. नाचणारेही मुक्यानं नाचले. गल्लीत फक्त चपलांचा आवाज. ते दृश्य जागेवर भलतंच मजेशीर होतं.

दुसऱ्या दिवशी सगळं कॉम्प्युटरवर टाकलं आणि आवाज बंद करून बघायला लागलो. दहाच्या आधीचे शॉट आणि नंतरचे शॉट कुणीही न सांगता वेगळे काढता येत होते. कपडे तेच, दिवे तेच, बोटं तशीच. फरक गालात. पाश्चात्त्य पद्धतीनं शिकलेला ट्रंपेटवाला गाल फुगवत नाही म्हणतात, पण आपल्या बँडवाल्यांचे गाल फुगतात, अगदी गोल. दहाच्या आधी गाल भरलेले, मानेची शीर टरारलेली. दहानंतर बोटं तीच बटणं दाबतायत, पण गाल सपाट. वारंच नाही. ऐकू तर दोन्हीकडं काही येत नव्हतं, आणि तरी कोण वाजवतंय आणि कोण नुसतं धरून उभा आहे ते डोळ्यांना कळत होतं.

मी खुर्चीतून उठलो. आमचा सगळा व्हिडिओ त्या गालात होता. बाकीची अख्खी पार्टी जीव तोडून वाजवतेय, वरात नाचतेय, आणि एकट्या धाकट्याचे गाल सपाट आहेत. बोटं सवयीनं चालतायत, काम चालू आहे, इसार फिटतोय, कुणाला पत्ता नाही. आतली झटापट म्हणतात ती हीच की. वाजवायचं पण आहे आणि वाजवायचं नाही पण आहे, आणि दोन्ही एकाच तोंडावर.

पुन्हा एक संध्याकाळ काढली, या वेळी दहाच्या पुष्कळ आधी. बाकीच्यांना खरं वाजवायला सांगितलं. मास्तरांना सांगितलं, तुम्ही वाजवायचं नाही, बोटं तेवढी चालू द्या. आणि ते त्यांना येईना! रात्री सगळेच मुके होते तेव्हा जमलं होतं. आता चहूबाजूंनी चाल सुरू झाली की त्यांचं वारं जायचंच. “तोंडाला लावलं की फुंकलं जातंय ओ,” ते वैतागून म्हणाले. “हे दम धरणं त्या वाजवण्यापरास अवघड हाय.” पुढच्या टेकला सुरुवातीला गाल फुगले, मग त्यांनी ते मुद्दाम सोडले, पुन्हा अर्धे फुगले, पुन्हा सोडले. ओठ माउथपीसवर थरथरत होते. शेजारचा पोरगा, ज्याला कथा नीट सांगितलीच नव्हती, त्यांचा सूर येईना म्हणून घाबरून त्यांच्याकडं बघायला लागला आणि बघता बघता स्वतःच जोरात वाजवायला लागला. हे कुणी लिहून देऊ शकत नाही. कॅमेऱ्यावरच्या पोरानं फोकस सोडला नाही, त्याबद्दल त्याला मी त्याच रात्री फडतरेंकडची मिसळ नाही पण तांबडा-पांढरा पोटभर घातला.

टेक झाल्यावर मास्तर पायरीवर टेकले. मी पाणी दिलं. म्हणाले, “एकदा असाच थांबलोवतो. खऱ्या वरातीत. कुणाला कळलं न्हाई.” केव्हा, कशासाठी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. त्यांनी ट्रंपेटच्या वळणावरची छोटी झडप दाबली आणि आत साठलेलं पाणी थेंबथेंब फरशीवर सोडलं. कॅमेरामन पोरानं तेही टिपलं. नंतर तो उड्या मारत होता की सर, हेच आपले अश्रू, यावरच संपवूया. शॉट सुंदर होता यात वाद नाही. मी तो कापला. वाद्यातून अश्रू म्हणजे बघणाऱ्याच्या हाताला धरून ‘समजलं ना?’ असं विचारणं झालं. ग्लिसरीन टाळलं, आणि मग तेच काम ट्रंपेटकडून करून घ्यायचं? पोरगा दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

शेवटावरून खरी खडाजंगी वेगळीच झाली. गाण्याचं मार्केटिंग बघणाऱ्या एका ओळखीच्या माणसाचं म्हणणं पडलं की शेवट ‘डार्क’ पाहिजे. वरात संपल्यावर धाकटाही जीव देतो, म्हणजे लोक शेअर करतील. अशी सूचना येते तेव्हा चिडून उपयोग नसतो, समोर कागद ठेवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये खास पडद्यावर आणि रंगमंचावर काम करणाऱ्यांसाठी आत्महत्या रोखण्याबाबत एक पुस्तिका काढलीय. त्यात सरळ म्हटलंय की ती कृती आणि तिची पद्धत दाखवू नका, माणूस त्यातून कसा सावरतो, कुणाची मदत घेतो ते दाखवा. आणि हे नुसतं सोवळं नाही. लॉजिक नावाच्या अमेरिकन रॅपरनं २०१७ मध्ये एक गाणं काढलं, ज्याचं शीर्षकच तिथल्या मदतवाहिनीचा फोन नंबर होतं. गाण्यातला माणूस खचलेला आहे, फोन करतो आणि जगतो. २०२१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यावर अभ्यास आला. गाण्याची सर्वाधिक चर्चा होती अशा ३४ दिवसांत त्या नंबरवरचे फोन अपेक्षेपेक्षा ६.९ टक्के वाढले आणि आत्महत्या अपेक्षेपेक्षा ५.५ टक्के कमी नोंदल्या गेल्या. गाण्यामुळंच झालं असं छातीठोक म्हणता येत नाही, पण मला तेवढं पुरे होतं. तो माणूस म्हणाला, “मग नंबर टाका खाली आणि करा डार्क.” हेच मला सगळ्यात खटकतं. चार मिनिटं मरण सजवायचं आणि शेवटी दोन सेकंद बारीक अक्षरात नंबर, म्हणजे सिगारेटच्या पाकिटावरचं चित्र झालं.

आमच्या शेवटात धाकटा ट्रंपेट खाली घेतो, शेजारच्या पोराच्या खांद्यावर हात ठेवतो आणि त्याला पुढं वाजवायला खुणावतो. बस. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर आम्ही व्हिडिओखालच्या माहितीत पहिल्या ओळीला दिला. सरकारनं ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. कुणी विचारलं की हा नंबर तिथं कशाला, तर सांगायचं, असू दे.

कापायला बसलो तेव्हा नवाच त्रास झाला. ७० आणि १४० चं गणित फारच छान जुळलं होतं. प्रत्येक पाऊल ठेक्यावर, प्रत्येक कट ठेक्यावर, आणि सगळं कसं गुळगुळीत, रील केल्यासारखं. दुःखाचा डान्स झाला होता. मग मी वरातीची चित्रं किंचित उशिरा येतील अशी सरकवली. पाय आता ठेक्याच्या जरा नंतर पडायला लागले. का ते सांगता येत नाही, पण बघणाऱ्याला काहीतरी निसटतंय असं वाटतं. गालांचा शॉट मात्र मी अजिबात कापला नाही, अख्खा अंतरा तसाच ठेवला. रंगही निळा केला नाही. हल्ली दुःख म्हटलं की सगळे चित्र निळं करतात, जणू गमावलेल्या माणसाच्या घरी ट्यूबलाइट वेगळी असते. वरातीचे जांभळे-हिरवे एलईडी जसे होते तसे राहू दिले. सपाट गालावर तो जांभळा प्रकाश पडतो तेव्हा जे वाटतं ते निळ्यानं झालं नसतं.

मामांना स्टुडिओत बोलावून दाखवला. बघून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, “त्या पोराला किती दिले?” शेजारच्या पोराला. मी आकडा सांगितला. “अजून द्या त्याला,” म्हणाले आणि जिना उतरून गेले.

व्हिडिओ फार चालला नाही. गायकाचे नातेवाईक, नाटकवाले, आणि बँडच्या धंद्यातले बरेच जण, एवढ्यांनी पाहिला. काहींना कळलं, काहींनी खाली विचारलं की यात स्टोरी काय आहे. एका ढोलवाल्यानं लिहिलं की मास्तर तिसऱ्या मिनिटाला वाजवत नाहीत, पकडला! त्यापेक्षा चांगली पावती मला मिळणार नव्हती.

आठवड्यानं मास्तरांचा फोन आला. व्हिडिओ आवडला, घरच्यांनाही आवडला. पण त्यांची एक मागणी होती. “ते तुमचं गाणं काढा आणि आमच्या पार्टीचा खरा आवाज घाला की त्याच्यावर. लग्नसराई तोंडावर हाय, मला जाहिरातीला लागतंय.” पहिल्या संध्याकाळचा आवाज आमच्याकडं होताच. गाल सपाट असलेला भाग तेवढा मी वगळला, बाकी वेग पूर्ववत केला आणि खाली त्यांचा मोबाइल नंबर मोठ्या अक्षरात टाकला. ती जाहिरात मूळ गाण्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिली, आणि तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या तीन तारखा त्यांच्या त्यावरच ठरल्या.